थोरल्या दिरांचा चित्रकलेचा तास

माझ्या थोरल्या दिरांना भेटून जो हबकला नाही, असा माणूस इंदापूर तालुक्यात सापडायचा नाही. बारामतीत एखादा असेलही, पण त्याची आणि त्यांची अजून नीट ओळख झालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. मी लग्न होऊन या घरात आले त्या क्षणापासून हबकत आले आहे. उंबऱ्यावरचं माप ओलांडताना सगळ्या बायका माझ्या पायांकडे बघत होत्या आणि हे एकटे दाराशेजारी उभे राहून भिंतीवर पडलेल्या माझ्या सावलीकडे बघत होते. चार दिवसांनी त्यांनी मला गंभीरपणे सांगितलं, "तुमच्या सावलीला मान न्हाय. दागिनं लय घातल्यात." यावर नव्या नवरीने काय बोलायचं असतं, हे मला माहेरी कोणी शिकवलेलं नव्हतं. मी "बरं" म्हणाले आणि आत जाऊन आरशात मान आहे का बघून आले.

तेव्हा ते लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात रंगखात्यात होते. रोज सकाळी डबा घेऊन जायचे आणि संध्याकाळी कानात, भुवयांत करडा रंग घेऊन परत यायचे. बोलणं फार कमी, पण बघणं फार. आमच्याकडे पाहुणे आले की ते पाहुण्यांकडे इतका वेळ आणि इतकं बारकाईने बघत बसत, की निम्मे पाहुणे चहा अर्धा टाकून उठायचे. एकदा माझ्या माहेरच्या मामांना त्यांनी निरोप देताना सांगितलं की तुमचा डावा कान उजव्यापेक्षा खाली आहे. मामा त्यानंतर बरीच वर्षं फोटो काढून घेताना मान वाकडी करत. भाऊजींच्या मनात यात कुणाला दुखवायचं काही नसे. दिसलं ते सांगितलं, इतकंच. आमच्या जाऊबाई बिचाऱ्या सगळ्यांची समजूत घालत फिरायच्या. त्या गेल्या, भाऊजी निवृत्त झाले, आणि घरी बसून बघण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा त्यांची नजर आमच्या शाळेकडे वळली.

अंथुर्ण्याहून लासुर्ण्याकडे येताना उसाच्या पट्ट्यात आमची वस्तीवरची शाळा आहे. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षिका, त्यातली मुख्याध्यापिका मी. एके दिवशी मी डबा विसरले म्हणून भाऊजी तो द्यायला आले. शेवटच्या तासाला मुलं चित्र काढत होती. आता सगळ्या महाराष्ट्रातली मुलं जे चित्र काढतात तेच ही काढत होती: दोन डोंगर, त्यांच्या मधून डोकावणारा सूर्य, सूर्याच्या खालून निघालेली नदी, एक घर आणि नारळाचं झाड. भाऊजी एकेका वहीत वाकून बघत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटी एका मुलाला त्यांनी विचारलं, हा डोंगर कुठला. मुलगा म्हणाला, चित्रातला. भाऊजी बाहेर जाऊन पायरीवर बसले. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाले, "मॅडम, हितनं बघा. डोंगर दिसतोय का कुठं? नजर टाकंल तितं ऊस हाय. एकाबी पोरानं ऊस काढला न्हाय." एखाद्याला घरची वाईट बातमी समजावी तसा तो माणूस बसला होता. आठवड्यातला एक दिवस मला द्या, असं त्यांनी मागितलं, आणि मी शनिवार देऊन टाकला. निवृत्त माणूस आहे, मुलांत रमेल, एवढाच विचार मी केला. माझ्या नोकरीतला तो सर्वांत बेसावध क्षण होता.

कॅलेंडरच्या जुन्या पानामागे त्यांनी चारही वर्गांचा बेत लिहून आणला. पहिलीला चिखल. दुसरीला ठसे. तिसरीला सावल्या. चौथीला माणसं. मी म्हटलं, रंग कधी? ते म्हणाले, रंगाची घाई कशाला. पहिल्या शनिवारी त्यांनी सगळ्यांचे खोडरबर गोळा करून माझ्या कपाटात कुलूपबंद केले. चुकलं तर चुकलेलं दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. ज्या मुलांनी आयुष्यात काढण्यापेक्षा खोडण्यात जास्त वेळ घालवला होता, ती एकमेकांकडे घाबरून बघू लागली.

पहिलीच्या मुलांना त्यांनी कालव्याकडेची काळी माती कालवून दिली आणि सकाळी घरून काय खाऊन आलात ते बनवा म्हणून सांगितलं. मुलांनी भाकऱ्या केल्या, चपात्या केल्या, एकीने पोह्यांचा एकेक दाणा वळला. सगळं छान चाललं होतं, आणि तेवढ्यात एका मुलाने स्वतःची भाकरी मोडून खाल्ली. मी ओरडत धावले. भाऊजी मात्र त्याच्यासमोर उकिडवे बसून शांतपणे विचारत होते, कशी लागली? तो म्हणाला, आळणी. भाऊजींना या उत्तराचा इतका आनंद झाला की त्यांनी तो प्रसंग मुलाच्या आईलाही जसाच्या तसा सांगितला. ती माउली सोमवारी सासूला, नणंदेला आणि मुलाच्या पोटाच्या औषधाची बाटली घेऊन शाळेत आली.

दुसरीचे ठसे भेंडी, कांदा आणि दोडक्यावर थांबायला हवे होते. पण ठसा कुठेही उठतो, हे कळल्यावर मुलं थांबेनात. आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष म्हणजे तात्या. मोठे बागायतदार, अंगात कायम कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्यांच्या धाकट्या नातवाने इस्त्री करून खुंटीवर अडकवलेल्या शर्टाच्या पाठीवर भेंडीची लाल फुलं उठवली. तात्यांनी पुढून बघून शर्ट चढवला आणि ते बारामतीला एका लग्नाला गेले. तिथे अक्षता पडेपर्यंत आपल्या मागे लोक का हसताहेत हे त्यांना कळलं नाही. संध्याकाळी ते तो शर्ट हातात घेऊन थेट आमच्या घरी आले. भाऊजींनी शर्ट उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, "तात्या, ठसा लय स्पष्ट उठलाय. कापड भारी हाय." तात्यांनी शर्ट परत घेऊन स्वतःही उजेडात धरून बघितला. रागवायला आलेल्या माणसाचा राग कुठे जातो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तो जात नाही, तो नुसता वाट चुकतो.

तिसरीच्या सावल्यांबद्दल तर मला लेखी खुलासा द्यावा लागला. मैदान आखायची पांढरी फक्की घेऊन भाऊजींनी सकाळच्या उन्हात एकेका मुलाला उभं केलं आणि त्यांच्या सावल्यांच्या कडा जमिनीवर आखून घेतल्या. कुणी हात वर केलेला, कुणी पाय फाकलेला, कुणी वाकडा. नंतर मुलं वर्गात गेली. थोड्या वेळाने आमचे केंद्रप्रमुख अचानक तपासणीला आले. त्यांनी फाटकातून आत पाऊल टाकलं आणि ते जागच्या जागी थिजले. रिकाम्या मैदानात बारा माणसं आडवीतिडवी पडल्याच्या पांढऱ्या आकृत्या आणि आजूबाजूला चिटपाखरू नाही. साहेबांनी वाहिन्यांवरच्या गुन्हेगारी मालिका बऱ्याच पाहिल्या असाव्यात. ते आत येईनात. मी बाहेर गेले तेव्हा ते फाटकाला धरून उभे होते आणि हळू आवाजात विचारत होते, "मॅडम, पोलिसांना कळवलंय ना?"

मी इतकी वर्षं समजत होते की भाऊजी मुळात चित्रकार आहेत आणि पोटासाठी कारखान्यात गेले. म्हणून एकदा मी त्यांना बाराखडीशेजारी भिंतीवर एक पोपट काढून द्या म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी त्यांना विमान चालवायला सांगत होते. म्हणाले, मला कुठे येतं? मी हसले. मला वाटलं, विनय. पण तो विनय नव्हता. त्यांनी आयुष्यात एकही चित्र काढलेलं नव्हतं. कारखान्यात पंपांवर फवाऱ्याने रंग मारायचा आणि तोही एकच, करडा. तीस वर्षं करडा. मी खुर्चीत बसले आणि विचारलं, मग शनिवारी तुम्ही मुलांना शिकवता तरी काय? त्यांनी जे सांगितलं ते असं, की करड्यावर करडा मारताना कुठे रंग कमी बसला हे सहजी दिसत नाही, त्यासाठी फार बघावं लागतं. हात कुणाचाही चालतो, बघायला कुणी शिकवत नाही. ते तेवढंच शिकवत होते. मी मुख्याध्यापिका, माझ्या शाळेत वर्षभर चित्रकला शिकवणाऱ्या माणसाला चित्र येत नाही, ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नाही. आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

आता चौथी. चौथीत तेव्हा चौदा मुलं होती, त्यात माझी मुलगी ओवी आणि तात्यांची थोरली नात स्वरा. भाऊजींनी जानेवारीच्या सुरुवातीला त्यांना सांगितलं, घरातलं एक माणूस निवडा. आठवडाभर त्याच्याकडे बघा, पण पेन्सिल हातात घ्यायची नाही आणि त्या माणसाला सांगायचंही नाही. शनिवारी शाळेत येऊन आठवणीने काढा. जसं जास्तीत जास्त वेळ दिसतं तसं. त्या शनिवारी मी तालुक्याला बैठकीला गेले होते. चित्रं भाऊजींनी गुंडाळून ठेवली आणि प्रजासत्ताक दिनी झेंडावंदनाला पालक येतात तेव्हा ती सुतळीवर चिमट्यांनी लावू, असं ठरलं. मी ती आधी पाहिली नाहीत. पाहायला हवी होती.

झेंडावंदन झालं, मुलांना लाडू वाटले, आणि पालक चित्रांकडे वळले. चौदांपैकी चार चित्रं आज्यांची, आजोबांची, एक म्हशीचं. उरलेली नऊ आयांची होती. आणि नऊच्या नऊ पाठमोऱ्या.

कुणाची आई गॅसच्या ओट्याशी, कुणाची भांड्यांच्या मोरीशी, कुणाची गोठ्यात वाकलेली. चेहरा एकीलाही नाही. पण पाठी अशा काढल्या होत्या की नाव वाचायची गरज पडू नये. गाऊनवरून घेतलेला टॉवेल, अंबाड्यात खोचलेलं पेन, पाण्याने ओला झालेला साडीचा काठ, ब्लाउजचा तुटलेला हूक आणि त्याजागी लावलेली सेफ्टी पिन. ओवीने काढलेल्या पाठीला मान वाकडी होती, खांदा आणि कानाच्या मध्ये फोन दाबलेला, काखेत शाळेची फाईल आणि एक हात कढईत. मी त्या चित्रासमोर उभी राहिले. माझ्या मुलीने आठवडाभर माझ्याकडे बघितलं होतं आणि मला ते कळलंसुद्धा नव्हतं.

सुरुवातीला पुरुषमंडळी हसली. ही तर सगळ्यांची एकाच बाजूची हजेरी, असं कुणीतरी म्हणालं. मग तात्यांनी स्वराला जवळ बोलावून विचारलं, "आईचं तोंड कुठं गेलं गं?"

स्वरा म्हणाली, "ती कायम तिकडंच तोंड करून आसती. मी कुठनं काढू?"

हसणं थांबलं. रस्त्यावरून उसाची ट्रॉली गाणी वाजवत गेली. स्वराची आई कोमल पुढे आली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. पोरीला आईचं तोंड माहीत नाही असं गावाला दाखवायचं होतं का, एवढं ती भाऊजींना म्हणाली आणि मुलीचा हात धरून निघून गेली. तिच्यामागे बाकीच्या. तात्यांनी जाताना मला बाजूला घेतलं आणि हे शनिवारचं प्रकरण आता बंद करा, म्हणाले.

मी सांगू शकते की अध्यक्षांनी सांगितलं म्हणून मी भाऊजींना थांबवलं. गावातही तसंच समजतात. पण खरं ते नव्हे. खरं म्हणजे मला ओवीच्या चित्राचा राग आला होता, आणि ओवीवर काढता येईना म्हणून मी तो त्यांच्यावर काढला. सुतळीवरचे चिमटे काढून घेत होते ते. मी म्हटलं, "भाऊजी, पुढच्या शनिवारपासून येऊ नका." ते एकदाच माझ्याकडे बघून "बरं" म्हणाले. चित्रं तेवढी फाडू नका, असं सांगून ते सायकलवर बसून घरी गेले. आमचं अंगण एकच. त्यानंतर रोज ते माझ्याच हातचं जेवत होते, आणि मी रोज त्यांना पाठ करून वाढत होते.

दहाबारा दिवसांनी शाळा सुटल्यावर कोमल एकटीच आली. भांडायला आली असेल म्हणून मी आधीच सावरून बसले. ती दारात उभी राहूनच म्हणाली, ते चित्र द्या. मी कपाटातून काढून दिलं. तिने ते टेबलावर पसरलं आणि सेफ्टी पिनेवर बोट ठेवलं.

"तोंड आरशात दिसतं मॅडम," ती म्हणाली. "पाठ मीबी कधी बघितली नव्हती. ही पिन किती दिवसांपासनं हाय, मलाच ठावं न्हाय. एवढं बारीक माझ्याकडं कोण बघतंय घरात?"

आणि ती रडायला लागली. मी उठून तिच्याजवळ गेले. माझीही अवस्था फार वेगळी नव्हती. ती चित्र घेऊन गेली. पुढच्या आठवड्यात आणखी तिघीजणी येऊन आपापल्या पाठी घेऊन गेल्या.

मी भाऊजींकडे गेले तेव्हा ते पडवीत बसून कोंबडीकडे बघत होते. मी माफी मागितली. आमच्यात तशी रीतच नव्हती. त्यांनी मला मधेच थांबवलं. "तुमच्या जाऊबाईंना आठवाय गेलं की आधी त्यांची पाठच आठवती," ते म्हणाले. "तोंड आठवाया फोटो बघावा लागतो. मॅडम, पोरांचं काय चुकलं?" इतक्या वर्षांत मी त्यांना बायकोविषयी बोलताना ऐकलं नव्हतं. मी तिथेच पायरीवर टेकले. मग आम्ही दोघं थोडा वेळ कोंबडीकडे बघत बसलो.

शनिवार पुन्हा सुरू झाले. तात्यांनी हरकत घेतली नाही. उलट एके दिवशी ते स्वतःच चौथीच्या वर्गात येऊन खुर्चीवर ताठ बसले. स्वराने त्यांना सोडून आईला काढलं, हे त्यांना आत कुठेतरी लागलेलं होतं. भाऊजींनी त्यांना उठवलं नाही, पण मुलांना बाहेर नेलं. असं बसलेलं माणूस काढण्यात अर्थ नसतो, असं त्यांनी तात्यांना नंतर समजावून सांगितलं म्हणे. आमच्या घरी ओटा भिंतीला आहे, तो काही फिरवता येत नाही. पण चपाती लाटताना मी मधूनमधून मागे वळून ओवीकडे बघायला लागले. पहिल्या दिवशी ती दचकून म्हणाली, "काय झालं आई? मी काय केलं?"

दोन वर्षं असं चाललं. मग भाऊजींचे गुडघे गेले आणि त्यांच्या मुलाने त्यांना बारामतीला नेलं. तिसऱ्या मजल्यावरचा स्वच्छ फ्लॅट, सून नोकरीची पण प्रेमळ, सगळं चांगलं आहे. तिथल्या शेजाऱ्यांनाही ते त्यांच्या कानांविषयी आणि भुवयांविषयी काहीबाही सांगतात, असं सून हसत सांगते. मी महिन्यातून एकदा जाऊन येते. दर वेळी वाटतं, यांना घेऊन यावं. दर वेळी मला सोडायला दोन पायऱ्या उतरताना त्यांनी कठडा कसा धरला आहे ते दिसतं आणि मी काही बोलत नाही.

शनिवारी सकाळी न चुकता त्यांचा फोन येतो. यंदा चौथीत किती मुलं आहेत, कोण कुणाचं, घरात कोण कोण असतं, हे ते एकेकाचं विचारून घेतात. मग बोलणं संपतं, पण ते फोन ठेवत नाहीत. मलाही मग ठेववत नाही. तोपर्यंत मधल्या सुट्टीची वेळ होते. मुलं मैदानात धावतात, हापशावर भांडतात, कुणाची तरी चप्पल कुणीतरी छपरावर फेकतं. मी फोन तसाच चालू खिडकीत ठेवून देते आणि माझ्या कामाला लागते. पुन्हा घंटा होऊन सगळं शांत झालं, की पलीकडून फोन बंद होतो.